विशीतली धडधड

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटं ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास आत घ्या आणि तितकाच सावकाश सोडा. चार-पाचदा करा. तुम्ही विशी-पंचविशीत असाल तर बोटांखाली एक गंमत होते. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ पडतात, बाहेर येताना लांबलांब. म्हणजे तुमच्या हृदयाची लय एकसारखी नाहीच! आणि ती तशी नाही, हे ठणठणीत प्रकृतीचं लक्षण आहे. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४७ साली हा चढउतार यंत्रावर रेखून दाखवला. वय वाढतं तसा तो ओसरतो. सत्तरीच्या आजोबांच्या नाडीत तो शोधावा लागतो.

तरुण मुलंमुली डॉक्टरांकडे जाऊन काय सांगतात? मधेच ठोका चुकल्यासारखं होतं. डावीकडे चमक मारते. रात्री डाव्या कुशीवर वळलं की धडधड ऐकू येते आणि झोप उडते. त्यात जिममध्ये नाहीतर गरब्यात कुणी कोसळल्याचा व्हिडिओ फोनवर आला, की मग विचारूच नका. घरचे म्हणतात गॅस झालाय, गूगल म्हणतं हार्ट अटॅक. खरं काय, ते समजून घ्यायचं तर छातीच्या आत जरा फिरून यावं लागेल.

पहिला प्रश्न अगदी साधा. ठोका येतो कुठून?

मेंदूतून नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक पुंजका आहे, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा. या पेशींना स्वस्थ बसवतच नाही. एक ठोका दिला रे दिला, की त्यांच्या आवरणातून विद्युतभारित कण पुन्हा आत झिरपू लागतात. दाब चढत जातो, एका पातळीला पोचतो, ठिणगी पडते, आणि पुन्हा झिरपणं सुरू. कुणाचा हुकूम नाही, कुणाची देखरेख नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, आईच्या पोटात जेमतेम तीन आठवड्यांचे असल्यापासून.

हा पुंजका सापडला तो इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या एका खेड्यातल्या घरात. १९०६ चा उन्हाळा होता. आर्थर कीथ हे शरीररचनेचे अभ्यासक बायकोबरोबर सायकलवरून फिरायला गेले होते. परत येऊन पाहतात तर त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक आनंदानं नाचायचा बाकी. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या चिमुकल्या प्राण्याचं हृदय तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता आणि त्याला ही वेगळीच पेशीरचना दिसली होती. १९०७ मध्ये दोघांनी ती जगापुढे मांडली. विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दिसलेली ही गोष्ट आज जगातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात.

त्याच सुमारास जर्मनीत मार्बुर्गला काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरानं वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दुसरं ठाणं शोधलं होतं. वरून आलेला निरोप इथे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका अडवला जातो. कशासाठी? वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली पुरतं उतरावं म्हणून. मगच खालचे कप्पे आवळतात. एवढासा विलंब, पण तो नसता तर चारही कप्पे एकदम आवळले असते आणि रक्त नीट पुढे सरकलंच नसतं.

आता एक विचित्र प्रश्न विचारतो. हृदयाला शरीरापासून पुरतं तोडलं, त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या नसा कापल्या, तर ते किती वेगानं चालेल?

उत्तर हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मिळतं. आपल्याकडे हे धाडस पहिल्यांदा केलं मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केपटाउनमध्ये झालेल्या जगातल्या पहिल्यावहिल्या हृदय-बदलानंतर तीनच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला, पण प्रयत्नाची छाती पाहा. तर, अशा शस्त्रक्रियेत दात्याच्या हृदयाच्या नसा तुटलेल्याच असतात. तरी नव्या छातीत ते आपलं आपण चालू लागतं, आणि विश्रांतीतही मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके देतं.

थांबा. आपली नाडी तर बसल्याजागी ७०-७२ असते. मग मोकळं सोडलेलं हृदय जास्त वेगानं का चालतं?

कसारा घाट उतरणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो. गाडी उतारानं धावायला उतावीळच असते आणि ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून तिला आवरत असतो. थोडा वेग हवा असला तर ब्रेक जरा सैल सोडला की पुरे. तुमचं हृदय सोफ्यावर बसल्या बसल्या असंच चालतं. मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत उतरणारी व्हेगस ही नस म्हणजे तो ब्रेक. श्वास आत घेताना तो थोडा सुटतो, सोडताना पुन्हा लागतो. बोटांखाली मघाशी जी गंमत झाली, ती हीच.

तरुणपणी हा ब्रेक भलताच मजबूत असतो. गाढ झोपेत तरुण नाडी मिनिटाला चाळीसपर्यंत खाली येऊ शकते. आणि तो चपळही किती! दाबला किंवा सोडला की पुढच्या ठोक्यालाच फरक दिसतो. अ‍ॅड्रेनॅलिनच्या अ‍ॅक्सिलरेटरला परिणाम दाखवायला काही सेकंद लागतात. म्हणून अंथरुणातून ताडकन उठलं, कुणी मागून दचकवलं, वर्गात सरांनी अचानक नाव घेतलं, की पहिली उडी ब्रेक सुटल्याची असते.

या ब्रेकचं गुपित एका माणसाला स्वप्नात कळलं. ऑस्ट्रियात ग्रात्स इथले ऑटो लोवी मध्यरात्री जागे झाले, एका प्रयोगाची कल्पना कागदाच्या चिटोऱ्यावर खरडली आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडलं. या खेपेला ते झोपले नाहीत, तडक प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची धडधडती हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस विजेनं चेतवली, ते मंदावलं. त्याच्यातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात घातलं, आणि कुणी हातही न लावलेलं ते दुसरं हृदय मंदावलं. नस जो ब्रेक लावते तो एका रसायनाचा असतो, हे सिद्ध झालं. १९२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९३६ मध्ये नोबेल मिळालं. रसायनाचं नाव अ‍ॅसिटिलकोलिन.

आता त्या ‘चुकलेल्या’ ठोक्याकडे वळू. छातीत क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटतं, पोटात गोळा येतो आणि मग धप्पकन काहीतरी आदळतं. होतं ते असं. मुख्य पुंजक्याबाहेरच्या एखाद्या पेशीला अधूनमधून ठिणगी पाडायची हुक्की येते. समजा, खालच्या कप्प्यातल्या अशा पेशीनं वेळेआधीच ठोका दिला. कप्पा अजून पुरता भरलेला नसतो, त्यामुळे ठोका पडतो पण रक्त फारसं पुढे जात नाही, मनगटावर तो बरेचदा लागतही नाही. पाठोपाठ नेहमीचा निरोप येतो, पण स्नायू नुकताच आवळून सैलावत असतो, तो दाद देत नाही. म्हणून एक मोठा खंड पडतो. या खंडात कप्प्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, भिंती ताणल्या जातात. आणि हृदयाच्या स्नायूचा एक अफलातून गुण असा, की जितका ताण द्याल तितक्या जोरानं तो आवळतो. जर्मनीचे ऑटो फ्रँक आणि इंग्लंडचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. तर खंडानंतरचा ठोका दणदणीत पडतो, आणि जाणवतो तो हाच.

नीट बघा बरं काय झालं. घाबरवणारा तो धप्प आवाज म्हणजे हृदयाचा ठोका चुकणं नव्हे. साचलेलं जादा रक्त एका दमात पुढे ढकलणारा तो सगळ्यात दमदार ठोका होता!

असे आगाऊ ठोके किती जणांना पडतात? ठोके दिवसभर मोजायची सोय आली ती नॉर्मन होल्टर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञामुळे. १९४७ मध्ये त्यानं पाठीवर बांधायचं जे पहिलं यंत्र केलं त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. हृदय मोजायचं की माणसाची पाठ मोडायची? पुढे ते खिशात मावू लागलं, आणि ‘होल्टर लावलाय’ हे वाक्य आपल्याकडेही सरसकट ऐकू येऊ लागलं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत वैद्यकीय महाविद्यालयातल्या ५० निरोगी मुलांना २४ तास असं यंत्र लावलं. खालच्या कप्प्यातून आलेले आगाऊ ठोके निम्म्या मुलांत सापडले. वरच्या कप्प्यातून आलेले त्याहून थोड्या जास्त मुलांत. निम्मा वर्ग! ज्यांना ते जाणवतात ते डॉक्टरांकडे जातात, बाकीचे मजेत कँटीनमध्ये चहा पीत बसतात. डाव्या कुशीवर वळलं की हृदयाचं टोक बरगड्यांना अधिक टेकतं, रात्री आजूबाजूला आवाजही नसतो, म्हणून हे ठोके नेमके तेव्हाच लक्षात येतात. जागरण, तंबाखू, दारू, ताप, एनर्जी ड्रिंकचे डबे यांनी ते वाढू शकतात.

मग छातीतली कळ? ती तरी हृदयाची असणार ना?

इथे आपल्याला थेट सतराव्या शतकात जायला हवं. रक्ताभिसरण सिद्ध करणारे विल्यम हार्वे तेव्हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे वैद्य होते. राजाच्या कानावर आलं, की मॉन्टगोमेरी नावाच्या सरदाराचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा छातीला भोक असूनही धडधाकट हिंडतो आहे. लहानपणी पडल्यानं डावीकडच्या बरगड्या मोडल्या, गळू झालं, आणि जखम भरली ती भलंमोठं छिद्र ठेवून. हार्वेनी आत बोटं घातली. हाताला लागत होतं ते खुद्द हृदय, ठोक्यागणिक आवळणारं. ते त्या मुलाला राजापुढे घेऊन गेले, राजानंही हात लावून पाहिला. आणि मुलाला काय वाटलं? काही नाही! बाहेरच्या कातडीला हात लागला किंवा डोळ्यांनी दिसलं, तरच त्याला कळायचं की कुणीतरी आपल्या हृदयाला हात लावतंय. हार्वेनी ही हकिकत १६५१ च्या ग्रंथात लिहून ठेवली.

हृदयाला स्पर्श कळत नाही. रक्त कमी पडलं, प्राणवायूची उपासमार झाली, तर मात्र ते बोंब मारतं, तीही अशी की नेमकं दुखतंय कुठे ते सांगता येऊ नये. याचं कारण गर्भात आहे. हृदय पहिल्यांदा तयार होतं ते मानेच्या पातळीला, मग खाली छातीत उतरतं. त्याच्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात तिथेच हाताच्या आतल्या बाजूच्या नसाही येऊन मिळतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. म्हणून खरी हृदयाची वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत पसरते. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. असा रुग्ण दुखणं दाखवताना बोट दाखवत नाही, मूठ आवळून छातीच्या मधोमध धरतो. सॅम्युएल लेव्हिन या अमेरिकी हृदयतज्ज्ञानं हे टिपलं, आणि त्या मुठीला आज त्याचंच नाव आहे.

बरगड्या, त्यांना छातीच्या मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कुर्च्या, मधले स्नायू, फुफ्फुसाच्या बाहेरचं आवरण, यांच्या नसा मात्र पत्ता अगदी घर नंबरासकट सांगतात. तरुण माणूस एका बोटाच्या टोकानं ‘इथे, बरोब्बर इथे’ असं दाखवतो तेव्हा बोट बहुधा याच मंडळींकडे असतं. दाबलं की दुखतं, वाकलं की दुखतं, खोकल्यावर दुखतं. बोट आणि मूठ यांनी निदान पक्कं होत नाही, पण डॉक्टरांचे कान टवकारतात ते अशाच गोष्टींनी.

या बोटाच्या कळांतला एक प्रकार तर खास पोरासोरांचाच. खुर्चीत पोक काढून बसलेलं असताना डाव्या छातीत अचानक सुई टोचावी तशी कळ येते. श्वास घेतला की आणखी टोचते, म्हणून मूल श्वास रोखून पुतळा होतं. काही सेकंद, फार तर तीन मिनिटं, आणि सगळं गायब. मिलर आणि टेक्सिडोर या दोन डॉक्टरांनी १९५५ मध्ये असे दहा जण गाठून वर्णन लिहिलं. त्या दहांतला एक रुग्ण कोण? स्वतः मिलर! आज याला ‘प्रीकॉर्डियल कॅच’ म्हणतात. हृदयाशी त्याचा संबंध नाही, औषध लागत नाही, आणि विशीनंतर बहुतेकांचा तो सुटतो. हे वाचताना तुमच्यापैकी कितीतरी जण मनात म्हणाले असतील, अरे, हे तर मला व्हायचं आणि मी घरी कधी सांगितलंच नाही.

बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात दहा वर्षांत छातीत दुखतं म्हणून हृदयतज्ज्ञांकडे आलेल्या ३७०० मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दुखण्याचं मूळ हृदयात निघालं ते फक्त ३७ जणांच्या. शंभरात एक.

उरलेल्या नव्याण्णवांचं दुखणं खोटं होतं का? मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर वैद्यकशास्त्र फार उशिरा शहाणं झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियातल्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडिस द कोस्टा या डॉक्टरापुढे तरुण सैनिकांची रांग लागली होती. धडधड, डाव्या छातीत कळा, थोड्या श्रमानं धाप. हृदय तपासावं तर त्यात दोष सापडत नाही! बऱ्याच जणांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले, वर लांबलांब कूच. तीनशेहून जास्त सैनिक पाहून त्यानं १८७१ मध्ये निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात हेच दुखणं ब्रिटिश फौजेत पसरलं. थॉमस लुईस यांनी तेव्हा उलटाच रस्ता धरला. अंथरुणात झोपवून ठेवण्याऐवजी कवायत, रोज थोडी थोडी वाढवत नेलेली. पुष्कळ जवान त्यातून पुन्हा कामावर रुजू झाले.

भीतीनं श्वास भराभर चालू लागला की काय काय होतं पाहा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त किंचित अल्कधर्मी होतं. त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, नसा चिडचिड्या होतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, गरगरतं. छाती आवळल्यासारखी होते. माणसाची खात्री पटते, की आता आपलं काही खरं नाही. मग श्वास आणखी वाढतो. केवळ श्वासानं एवढं सगळं रामायण!

पण मूळ कोंबडी कोणती आणि अंडं कोणतं? घाबरलं म्हणून धडधडतं, की धडधडतं म्हणून घाबरायला होतं? विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये दुसरी बाजू घेतली होती आणि त्यावर शतकभर वाद चालला. तपासणार कसं? भीती न दाखवता नुसतं हृदय पळवायचं कसं?

स्टॅनफर्डच्या कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेनं ते केलं. २०२३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना मी खुर्चीतून उठलोच. उंदरांच्या हृदयाच्या स्नायूत प्रकाशाला प्रतिसाद देणारं एक प्रथिन घातलं. मग उंदरांना चक्क दिवे लावलेली जाकिटं चढवली. दिवा लुकलुकला की प्रकाश कातडीतून आरपार जाऊन हृदयाला ठोका द्यायला लावी. उंदराचं हृदय एरवी मिनिटाला ६६० च्या आसपास चालतं, ते ९०० वर नेलं. सुरक्षित जागी उंदरांना याचं काहीच वाटलं नाही. पण जिथे थोडा धोका होता, उघडी जागा किंवा पाणी पिताना बसू शकणारा हलका विजेचा झटका, तिथे ते एकदम बिचकू लागले. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग शांत केला, की हृदय पळत असूनही बिचकणं कमी! म्हणजे हृदयाची गती मेंदूला ‘घाबर’ असं सांगू शकते. दोघं एकमेकांना भडकवत राहतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत नेमकं तेच चालू असतं.

हे चक्र तोडायची एक किल्ली तुमच्या हातात आहे. पहिल्या परिच्छेदातला प्रयोग आठवा. श्वास सोडताना ब्रेक लागतो. श्वास लांबवला की ब्रेकला जास्त वेळ मिळतो. इटलीत पाव्हिया इथल्या लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मारियेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि एक मंत्रही जपायला लावला. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि नाडीचा तो श्वासाबरोबरचा हेलकावा ठळक झाला. गोव्यातल्या घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेची माळ, म्हणणारी आजी आणि पंढरपूरच्या वाटेवर जप करणारे आजोबा, दोघांनी हा ब्रेक न शिकता वापरला आहे.

आता त्या शंभरातल्या एकाबद्दल. कारण सगळी धडधड निरुपद्रवी नसते, आणि तिथली कारागिरीही तितकीच थक्क करणारी.

काही मुलांत वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मतःच एक जादा वाट राहून गेलेली असते. हजारात एक ते तीन जणांत. एरवी कळतही नाही. पण एखाद्या दिवशी निरोप नेहमीच्या वाटेनं खाली येतो आणि जादा वाटेनं वर चढतो, पुन्हा खाली, पुन्हा वर, गोल गोल. नाडी एका क्षणी ८०, पुढच्या क्षणी १९०, आणि थांबते तीही तशीच, फटकन. भीतीची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते, हा मोठा फरक. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये अशा ११ रुग्णांचं वर्णन केलं आणि शीर्षकातच ‘निरोगी तरुण’ म्हटलं. १९६८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कोळ्याची छाती उघडून विल सीली यांनी ही वाट पहिल्यांदा कापली. आज छाती उघडावी लागत नाही. मांडीतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात आणि तेवढीच वाट जाळून टाकतात. बहुतेकांची कायमची सुटका.

आणि अशी धडधड चालू असताना ती थांबवायला डॉक्टर आधी काय करतात? पुन्हा तोच ब्रेक! रुग्णाला जोर लावून फुंकायला सांगतात. २०१५ साली इंग्लंडमध्ये सिद्ध झालं, की फुंकून झाल्याझाल्या रुग्णाला आडवं करून पाय वर उचलले, तर १०० पैकी ४३ जणांची लय जागेवर येते, नुसत्या फुंकण्यानं १७ जणांची. एका पैशाचं औषध नाही.

काही वेळा दोष हृदयात नसून रक्तात असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात प्राणवायू वाहणारेच कमी, मग फेऱ्या वाढवण्यावाचून हृदयाला गत्यंतर नाही. जिना चढताना धडधडणाऱ्या कित्येक मुलींना हृदयतज्ज्ञाच्या आधी हिमोग्लोबिनची चाचणी आणि लोहाच्या गोळ्या हव्या असतात, आणि ‘मुली नाजूकच असतात’ म्हणून हे सोडून दिलं जातं याचा मला राग येतो. थायरॉइड वाढला तरी धडधडतं. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून गेलेला संधिवाताचा ताप झडपा खराब करून ठेवतो, आणि त्याची धडधड कधी कधी पहिल्या गरोदरपणात उघडी पडते.

धोक्याच्या खुणा मोजक्याच आहेत. पळताना, खेळताना दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं. धडधडीबरोबर शुद्ध हरपणं. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असणं. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा आजार पाचशेत एकाला असतो, आणि त्याची पहिली चाहूल कधी कधी अशीच लागते. शिवाय आपली दक्षिण आशियाई माणसं हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याला इतरांपेक्षा पाचेक वर्षं लवकर बळी पडतात, तेव्हा तिशी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसानं ‘मी तरुण आहे’ हा युक्तिवाद करू नये. आणि त्या व्हिडिओंचं काय? चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेनं १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांच्या साहाय्यानं १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. कोविडच्या लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या घराण्यातले अचानक मृत्यू, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा एकदम जोरकस व्यायाम, आणि नशा.

तेव्हा पुढच्या वेळी धडधडलं तर एवढं करा. नाडी मोजा, सुरुवात एकदम झाली की हळूहळू ते लक्षात ठेवा, आणि जमलं तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या; थांबल्यानंतर काढलेला ईसीजी बरेचदा काहीच सांगत नाही. छातीवर ओझं, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, शुद्ध हरपणं, यांतलं काही असेल तर गॅसची गोळी शोधू नका, १०८ फिरवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात, दोन्हीकडे त्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि तिचे पैसे पडत नाहीत.